ब्रिस्टलचे बारा दिवस

अमेरिकेतील ब्रिस्टल या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमारेषा गेलेली आहे. रस्त्याची उत्तरेकडील बाजू व्हर्जिनियात मोडते, दक्षिणेकडील टेनेसीत. रस्त्याचे नावही स्टेट स्ट्रीट असेच आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात या रस्त्यावर, टेनेसीच्या बाजूला, पूर्वी टोप्यांची वखार असलेल्या एका इमारतीत व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीची माणसे आपली यंत्रे घेऊन उतरली. बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला घुमू नये, म्हणून भिंतींवर जाड पांघरुणे टांगण्यात आली. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या बारा दिवसांत आसपासच्या डोंगरदऱ्यांतून आलेल्या १९ गायक-वादकांनी आणि संचांनी तेथे ७६ ध्वनिमुद्रणे केली. मग यंत्रे उचलली गेली, पांघरुणे उतरवली गेली आणि मंडळी पुढच्या गावाला निघून गेली.

कंट्री संगीताच्या इतिहासात या बारा दिवसांना जन्मोत्सवाचे स्थान मिळालेले आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ब्रिस्टलला या संगीताची जन्मभूमी म्हणून मान्यता दिली. २००२ मध्ये तेथील काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांची सूची सुरू केली, तेव्हा पहिल्याच निवडीत ब्रिस्टलची ही ध्वनिमुद्रणे होती. २०१४ मध्ये त्याच गावात या संगीताचे संग्रहालय उघडले. हा सारा गौरव यथार्थ असला, तरी 'जन्म' हा शब्द मात्र फसवा आहे. जी गाणी त्या वखारीत गायली गेली, त्यांतील कितीतरी तेव्हाच शंभर-शंभर वर्षांची होती. गाणे जुनेच होते. त्या वर्षी नवे घडले ते एवढेच, की त्याला मालक मिळाला. लोकगीताला मालक मिळतो तेव्हा त्याचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर शोधायला १९२७ सारखे दुसरे वर्ष नाही.

अॅपलाचियन डोंगररांगांत अठराव्या शतकापासून स्कॉटलंड, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमधील गरीब कुटुंबे येऊन वसली होती. त्यांनी आपल्याबरोबर जुने पोवाड्यांसारखे कथागीतांचे भांडार आणले, फिडल आणले. पण बँजो हे वाद्य त्यांचे नव्हे. ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या माणसांच्या आठवणीतून अमेरिकेच्या भूमीवर पुन्हा घडले. रेल्वेचे रूळ टाकताना, कोळशाच्या खाणीत, कापसाच्या गिरण्यांत आणि प्रार्थनासभांत ही दोन्ही धाटणीची गाणी एकमेकांच्या कानांवर पडत राहिली. गोऱ्यांनी काळ्यांचे सूर उचलले, काळ्यांनी गोऱ्यांची कथागीते गायली. समाज वेगळे राहिले. गाणी वेगळी राहिली नाहीत.

१९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प हे इंग्रज संग्राहक आपली सहकारी मॉड कार्पेलेस हिच्यासह या डोंगरांत हिंडले आणि त्यांनी शेकडो गाणी स्वरलेखनासह टिपून घेतली. त्यांचे कार्य मोठे आहे, यात शंका नाही. पण ते शोधत होते हरवलेले इंग्लंड. जे गाणे मूळच्या इंग्रजी परंपरेशी जुळे, ते त्यांच्या वहीत उतरे. बँजोवरची नवी गाणी, भजनसभेतील गाणी, काळ्या शेजाऱ्यांची गाणी प्रायः बाहेरच राहिली. संग्राहकाची वहीही एक चाळणीच असते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्या आल्या, तेव्हा त्यांचीही चाळणी होती. फरक इतकाच, की ती बाजाराची होती.

त्या चाळणीचा कारागीर म्हणजे राल्फ पीअर. मिसूरी राज्यात १८९२ मध्ये जन्मलेला हा माणूस संगीतकार नव्हता, संगीताचा रसिकही फारसा नव्हता. पण कोणते गाणे कोणाला विकता येईल, हे त्याला इतर कोणाहीपेक्षा आधी कळे. १९२० मध्ये तो ओके कंपनीत असताना मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि तिच्या अनपेक्षित खपाने कंपन्यांचे डोळे उघडले. १९२३ च्या जूनमध्ये पीअरने अटलांटा शहरात जॉन कार्सन या फिडलवादकाचे गाणे मुद्रित केले. ते त्याला स्वतःला मुळीच आवडले नाही. स्थानिक व्यापाऱ्याने ५०० प्रती मागितल्या, त्या हातोहात खपल्या, आणि पीअरने आपली आवड बाजूला ठेवली. रेडिओच्या आगमनाने तेव्हा ध्वनिमुद्रिकांचा शहरी धंदा बसत चालला होता. खेड्यातील ग्राहक ही कंपन्यांची गरज होऊन बसली होती.

ग्राहक सापडला, तशी त्याची वर्गवारी झाली. ओके कंपनीच्या ८००० पासूनच्या क्रमांकांच्या ध्वनिमुद्रिका काळ्या गिऱ्हाइकांसाठी आणि १९२५ पासून ४५००० पासूनच्या क्रमांकांच्या ध्वनिमुद्रिका गोऱ्या खेडुतांसाठी, अशी विभागणी ठरून गेली. कोलंबियानेही अशाच दोन मालिका काढल्या. दुसऱ्या मालिकेतील संगीताला 'हिलबिली', म्हणजे डोंगरातले गावंढळ, हे नाव चिकटले. १९२५ च्या आरंभी एका वाद्यवृंदाला हे नाव पीअरनेच दिले होते. एकाच विहिरीचे पाणी दोन घागरींत भरावे आणि पुढे लोकांनी त्या विहिरीच दोन मानाव्या, तसे झाले. बिलबोर्ड या व्यवसायपत्राने 'हिलबिली' आणि 'रेस' ही नावे टाकून नवी नावे स्वीकारली ती १९४९ मध्ये. पण तोवर भिंत पक्की झाली होती.

ब्रिस्टलला येण्यापूर्वी दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिली यंत्राची. १९२५ पर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. विजेवर चालणारा मायक्रोफोन आला, आणि घरच्या ओसरीवर गावे तितक्या मंद आवाजातले गाणेही मेणाच्या तबकडीवर उतरू लागले. ओरडू न शकणाऱ्या आवाजांना या यंत्राने जागा करून दिली. मर्यादा राहिली ती वेळेची: साऱ्या गाण्याला साधारण तीन मिनिटे. ही मर्यादा आपल्याही ओळखीची आहे. व्हिक्टरशी संलग्न असलेल्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायजबर्ग १९०२ मध्ये कोलकात्यात आला, तेव्हा गौहरजानने तासाभराचा ख्याल याच तीन मिनिटांत बसवला होता. वीस-वीस कडव्यांच्या अॅपलाचियन कथागीतांनाही आता तीच कात्री लागली. कोणती कडवी ठेवायची आणि कोणती गाळायची, हे गायक ठरवू लागले, आणि जे गाळले गेले ते पुढच्या पिढीच्या कानांवर पडेनासे झाले.

दुसरी गोष्ट करारनाम्याची, आणि तीच या इतिहासाचे मर्म आहे. व्हिक्टर कंपनीकडे येताना पीअरने जवळजवळ विनावेतन काम करण्याची तयारी दाखवली. त्याची अट एकच होती: जी गाणी तो मुद्रित करील, त्यांचे प्रकाशनहक्क त्याच्याकडे राहावेत. कंपनीला हा सौदा स्वस्तातला वाटला. परंतु अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने प्रत्येक ध्वनिमुद्रणामागे, प्रत्येक प्रतीला, गाण्याच्या मालकाला दोन सेंट देणे बंधनकारक केले होते. एका तबकडीच्या दोन बाजू, लाखो तबकड्या. पीअरने पगार सोडला आणि झरा घेतला.

या व्यवहारातून एक विचित्र निकड जन्माला आली. सर्वांचे असलेले जुने गाणे कोणाच्याच मालकीचे होऊ शकत नाही. तेव्हा पीअरला हवे होते असे गाणे, जे ऐकताना जुने वाटावे पण कागदोपत्री नवे असावे. गायकाने ते स्वतः रचलेले असावे, निदान त्याने त्यात आपले म्हणण्याइतका फेरफार केलेला असावा. लोकपरंपरेत गाणाऱ्याला 'हे मी आजीकडून ऐकले' असे सांगण्यात भूषण वाटे. पीअरच्या टेबलापुढे तेच उत्तर अडचणीचे ठरू लागले.

ब्रिस्टलमध्ये पहिल्या दिवशी गायला अर्नेस्ट स्टोनमन. हा व्हर्जिनियातील सुतार १९२४ पासून ध्वनिमुद्रिका करीत होता आणि पीअरच्या ओळखीचा होता. आरंभीच्या दिवसांत नवे गायक फारसे येईनात. तेव्हा गावच्या वृत्तपत्रात एक बातमी आली: स्टोनमनला दिवसाला १०० डॉलर मिळतात, त्याच्या साथीदारांना प्रत्येकी २५, आणि गेल्या वर्षी स्वामित्वधनापोटी त्याला ३,६०० डॉलर मिळाले. खाण-गिरण्यांतील मजुरीवर जगणाऱ्या त्या मुलखात हा आकडा वाऱ्यासारखा पसरला. ज्यांनी आजवर गाण्याचा आणि पैशाचा संबंध कधी जोडला नव्हता, ती माणसे घोडागाड्यांतून, आगगाडीने, पायी ब्रिस्टलकडे निघाली. प्रार्थनासभांत गाणारे धर्मोपदेशक आले. वेस्ट व्हर्जिनियातून ब्लाइंड आल्फ्रेड रीड हा अंध फिडलवादक आला. दोनच महिन्यांपूर्वी झालेल्या रेल्वे अपघातावर त्याने गाणे रचले होते. एल वॉटसन हा माउथ ऑर्गन वाजवणारा एकमेव कृष्णवर्णीय कलावंत आला, आणि वखारीत एका गोऱ्या वादकाने त्याला गिटारची साथ केली. तबकड्यांच्या याद्यांत जी भिंत होती, ती त्या खोलीत नव्हती.

सोमवार, १ ऑगस्टला क्लिंच पर्वताच्या पायथ्याच्या पुअर व्हॅलीतून, म्हणजे गरिबांच्या खोऱ्यातून, एक कुटुंब आले. अंतर जेमतेम २५-२६ मैलांचे; पण रस्ता असा, की पोचायला दिवस गेला. ए. पी. कार्टर हा फळझाडांची रोपे विकत फिरणारा, हाताला सतत कंप असलेला, स्वभावाने अस्वस्थ माणूस. त्याची पत्नी सारा, तिच्या कडेला अंगावर पिणारे मूल. साराची मामे-चुलत नात्यातली बहीण आणि ए. पी.च्याच भावाची बायको मेबेल, वय १८, दिवस भरत आलेली. बाळाला सांभाळायला थोरली मुलगी ग्लॅडिस, तीही आठ वर्षांची. साराने ऑटोहार्प घेतला, मेबेलने गिटार, आणि त्या संध्याकाळी चार गाणी झाली. साराच्या आवाजात आळवणी नव्हती. दुःख सांगतानाही तो आवाज ताठ उभा राहतो. मेबेल अंगठ्याने खर्जाच्या तारांवर गाण्याची चाल वाजवी आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरी. आजवर साथीपुरते असलेले वाद्य तिच्या हातात गाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ए. पी. हजर नव्हता. दोघी स्त्रियाच गेल्या आणि आणखी दोन गाणी झाली. त्यांतील 'सिंगल गर्ल, मॅरिड गर्ल' हे गाणे अविवाहितेचे सुख आणि विवाहितेचे कष्ट समोरासमोर ठेवते. साराला ते गाणे आवडत नसे. पीअरच्या आग्रहाखातर ती ते गायली. कडेवरच्या मुलाला मागे ठेवून आलेल्या एका स्त्रीने, गर्भवती जावेच्या साथीने, नवऱ्याच्या अनुपस्थितीत हे गाणे गावे, हा योगायोगच. पण ते मुद्रण ऐकताना तो विसरता येत नाही. एका गाण्याला ५० डॉलर याप्रमाणे ३०० डॉलर घेऊन कुटुंब खोऱ्यात परतले.

४ ऑगस्टला जिमी रॉजर्स आला. मिसिसिपी राज्यातील मेरिडियनचा हा रेल्वेवरचा ब्रेकमन. १९२४ मध्ये क्षयाचे निदान झाल्यावर गाणे हेच त्याचे पोटापाण्याचे साधन उरले. त्याच्याबरोबर एक वाद्यवृंद होता, पण तबकडीवर नाव कोणाचे छापायचे, यावरून आदल्या रात्री भांडण झाले. वाद्यवृंद वेगळा गायला, रॉजर्स एकटा गिटार घेऊन उभा राहिला. त्याने दोन गाणी गायली आणि १०० डॉलर घेतले. नावावरून झालेल्या भांडणातून या संगीताचा पहिला मोठा नायक एकटा उभा राहावा, हे त्या वर्षाच्या स्वभावाला धरूनच झाले. ३० नोव्हेंबरला व्हिक्टरच्या कॅम्डन येथील केंद्रात त्याने पहिले 'ब्लू यॉडल' गायले. काळ्या रेल्वे-मजुरांच्या ब्लूजची धाटणी आणि त्यावर चढवलेला यॉडलचा तुटत उंचावणारा सूर, हे मिश्रण देशभर गाजले. १९३० मध्ये याच मालिकेतील नवव्या गाण्याला लुई आर्मस्ट्राँगने ट्रंपेटची साथ केली. तबकडीवर मात्र त्याचे नाव छापले गेले नाही.

आता नावांचा हिशेब मांडायला हवा. पहिल्या यशानंतर पीअर कार्टर कुटुंबाकडे सतत नवी गाणी मागू लागला. ए. पी. खोऱ्याखोऱ्यांतून गाणी गोळा करीत फिरू लागला. त्याला शब्द टिपता येत, चाल लक्षात राहत नसे. ती राहत असे लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाच्या. टेनेसीतील किंग्सपोर्टचा हा एका पायाने अधू झालेला तरुण ए. पी.बरोबर हिंडला, काळ्या वस्त्यांतील दारे त्याने उघडून दिली, चाली डोक्यात साठवून आणल्या आणि मेबेलच्या वादनालाही काही दिले. ध्वनिमुद्रिकांवर त्याचे नाव नाही. १९६५ मध्ये माइक सीगर या संग्राहकाने त्याला शोधून काढले, तेव्हा कोठे ही हकिकत बाहेर आली. ज्यांच्या ओसरीवरून गाणी आली, त्यांचीही नावे नाहीत. 'वाइल्डवुड फ्लॉवर' हे कार्टर कुटुंबाचे विख्यात गाणे मूळ १८६० चे छापील गीत. 'कॅन द सर्कल बी अनब्रोकन' हे १९३५ चे त्यांचे गाणे १९०७ च्या एका भजनावर आधारलेले. मालक म्हणून नाव लागले ते ए. पी. कार्टरचे.

याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरात, नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर एक प्रसंग घडला असे सांगतात. न्यूयॉर्कहून येणारा अभिजात संगीताचा कार्यक्रम संपला आणि निवेदक जॉर्ज हे याने आपल्या ग्रामीण कार्यक्रमाला थट्टेने 'ग्रँड ओल ऑप्री' म्हटले. ज्याच्या वादनाने ते नाव पहिल्यांदा उमटले, तो डीफोर्ड बेली हा माउथ ऑर्गनवर आगगाडी हुबेहूब उभी करणारा कृष्णवर्णीय कलावंत होता. १९४१ मध्ये रेडिओ केंद्रे आणि रचनाकारांची संस्था यांच्यात हक्कांवरून तंटा लागला. बेलीच्या लोकप्रिय धून वाजवण्यावर त्यामुळे बंदी आली, आणि लवकरच त्याला काढून टाकण्यात आले. पुढे तो नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशच्या दुकानावर जगला. कंट्री संगीताच्या सन्मानदालनात त्याला स्थान मिळाले २००५ मध्ये. मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

येथे पीअरला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. इतर कंपन्या एकरकमी पैसे देऊन खेडवळ गायकाला वाटेला लावीत. पीअरने निदान त्याला रचनाकार मानले आणि स्वामित्वधनाचा वाटा दिला. तो ब्रिस्टलला आला नसता, तर साराचा आवाज खोऱ्याबाहेर गेला नसता. आज आपल्याला तो ऐकू येतो, याचे श्रेय त्याच दोन सेंटांच्या लोभाला आहे. ज्याने जतन केले त्यानेच बदलले, ज्याने नाव दिले त्यानेच नावे पुसली. या दोन वाक्यांतले एक निवडता येत नाही.

मराठी वाचकाला हा पेच एका वेगळ्या बाजूने परिचित आहे. जात्यावरच्या ओवीला कर्तीचे नाव नसते. अभंगाच्या शेवटी मात्र मुद्रा असते. आणि कितीतरी अनाम भक्तांनी स्वतःची रचना नामदेवाच्या किंवा तुकोबांच्या मुद्रेखाली घातली, म्हणून संशोधकांना प्रक्षिप्त अभंग वेगळे काढण्याचा खटाटोप करावा लागला. तेथे लहान माणसाने आपले गाणे मोठ्या नावाला अर्पण केले. ब्रिस्टलनंतर एका नावाने अनेकांची गाणी आपल्याकडे ओढून घेतली. नाव घालणे दोन्हीकडे आहे. फरक आहे तो त्या नावामागे बाजार उभा आहे की नाही, याचा.

जिमी रॉजर्स २६ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी गेला. शेवटच्या ध्वनिमुद्रणांच्या वेळी एका गाण्यानंतर दुसरे गाण्यापूर्वी तो खाटेवर पडून विश्रांती घेत असे. पण त्याच्या गाण्याची गोष्ट तेथे संपत नाही. १९५० मध्ये ह्यू ट्रेसी हे आफ्रिकी संगीताचे संग्राहक केनियातील किप्सिगी लोकांची गाणी मुद्रित करीत होते. तेथे मुलींनी त्यांना 'केमिरोचा' नावाचे गाणे ऐकवले. गोऱ्यांनी आणलेल्या तबकड्यांवर जिमी रॉजर्सचे गाणे त्या वस्तीत ऐकले गेले होते. त्याच्या नावाचा तेथल्या जिभेवर झालेला उच्चार म्हणजे केमिरोचा. त्या मुलींच्या गाण्यात तो अर्धा मनुष्य आणि अर्धा हरिण असा कोणी दैवी प्राणी झाला होता.

ज्याचे नाव तबकडीवर छापण्यासाठी ब्रिस्टलमध्ये भांडण झाले, तो तेवीस वर्षांनी अशा रीतीने एका निनावी लोकगीतात मिसळून गेला. त्या गाण्याची चाल कोणी बांधली, हे ते गाणाऱ्यांनी सांगितले नाही आणि त्यांना ते सांगण्याची गरजही वाटली नाही.